सिव्हिलला ॲडमिशन घ्यायच्या आधी कागदावर हिशोब मांडा

मागच्या जूनमध्ये मामाचा फोन आला, पोराला दहावीला ७८ टक्के पडलेत, सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं म्हणतोय, घालू का? म्हटलं मामा घाला, पण आधी एक कोरा कागद घ्या, कारण सिव्हिलला जे फसतात ते बहुतेक ॲडमिशनच्या दिवशीच फसलेले असतात. मी डिप्लोमा करून मग डिग्री केली, अकरा वर्षं साइटवर काढलीत, मामाला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

सगळ्यात आधी वर्षं मोजा. अकरावी-बारावीची २ आणि डिग्रीची ४, झाली ६. डिप्लोमाची ३ आणि डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन डिग्रीची ३, तीपण ६च. वेळ तेवढाच जातो, पण दुसऱ्या रस्त्यात तीन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो, उद्या घरी काही अडचण आली तर पोरगं तिथून नोकरीला लागू शकतं. बारावीनंतर थांबावं लागलं तर सिव्हिलच्या नावाने हातात काहीच नसतं. सीईटीच्या क्लासचे पैसे वाचतात ते वेगळेच.

आता खर्च. सरकारी पॉलिटेक्निकची फी वर्षाला दहा हजाराच्या आत बसते, प्रायव्हेट डिग्री कॉलेजला लाखभर सहज जातात. पण नुसती फी लिहू नका, रूम, मेस, एसटीचा पास, सर्व्हे कॅम्प, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, लॅपटॉप, सगळं खाली खाली लिहा. बाहेरगावी राहायचं असेल तर राहण्या-जेवण्याचा आकडा बऱ्याचदा फीच्या वर जातो, आणि हे कोणी आधी धरतच नाही.

लोन काढणार असाल तर हे नीट बघा. समजा चार वर्षं दरवर्षी १ लाख उचलले आणि व्याज १० टक्के आहे. शिकताना आणि त्यानंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो म्हणून लोक निवांत राहतात, पण व्याज चढतच असतं, साध्या व्याजाने धरलं तरी हप्ता सुरू होईपर्यंत ४ लाखाचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला जवळपास ९ हजार. हप्ता सुरू होईपर्यंत महिन्याचं व्याज भरत गेलात तर तोच हप्ता साधारण ६,६४० वर येतो. फ्रेशरच्या पगारातून ९ हजार काढून बघा, मग रूमभाडं, मग डबा, काय उरतं ते कागदावरच दिसेल.

आणि फी भरायच्या आधी महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीची सरकारी वेबसाइट बघा, प्लीज बघा, कारण कागद वेळेत नसल्यामुळे हक्काचे पैसे गेलेली घरं मी बघितलीत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ८ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर निम्मी ट्युशन फी मिळते. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सची पूर्ण ट्युशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, उत्पन्नाची अट तीच. पण ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की हे सगळं गेलं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रीमी लेयर रिझल्टच्या आधीच काढून ठेवा, नंतर तहसीलला गर्दी होते.

परतावा काय? खरं सांगतो, पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी असतो. आमच्या बाजूला डिप्लोमावाला पंधरा हजाराच्या आसपास लागतो, डिग्रीवाला थोडा वर, आणि त्या थोड्यासाठी चार-पाच लाख जास्त घालायचे का हा खरा प्रश्न आहे. कारण साइटवर पगार वाढतो तो कामावर. स्लॅबच्या आदल्या रात्री मी टॉर्च घेऊन वर चढतो, बीमच्या खाली कव्हर ब्लॉक (सळई प्लायपासून वर ठेवणारे ठोकळे) आहेत का, रिंगांचं अंतर ड्रॉइंगप्रमाणे आहे का, कॉलमजवळ रिंगा जवळ जवळ बांधल्यात का ते बघतो. फिटर म्हणतो साहेब झालंय सगळं, पण वाकून बघितलं की एखाद्या ठिकाणी सळई थेट प्लायवर टेकलेली सापडतेच. ज्या पोराला हे दिसतं, ज्याला बीबीएस (सळया कापायचा-वाकवायचा तक्ता) काढता येतं आणि आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) स्वतः बनवता येतं, त्याला मार्कशीट कोणी विचारत नाही. बिलिंग शिकाच, साइटवर राबणारे खूप मिळतात, बिल काढणारे कमी.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हिशोब बदलतो. पीडब्ल्यूडीच्या ज्युनियर इंजिनिअरला डिप्लोमा चालतो, एसएससी जेईलाही (केंद्र सरकारची ज्युनियर इंजिनिअरची परीक्षा) चालतो आणि तिथे बेसिक ३५,४०० पासून आहे. एमपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसला मात्र डिग्रीच लागते. म्हणजे अधिकारी व्हायचंच असेल तर डिग्री धरून चला, नाहीतर डिप्लोमावर परीक्षा देत देत पुढे शिकता येतं. फक्त घरबसल्या पोस्टाने मिळणाऱ्या बीटेकच्या नादाला लागू नका, एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची संस्था) मान्यता न घेता डीम्ड युनिव्हर्सिट्यांनी अशा दिलेल्या डिग्र्यांवर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कडक निकाल दिलाय, त्यात नोकरीत असलेली माणसं अडकली.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका, सरळ सर्व्हे लॅबला जा. टोटल स्टेशन (जमीन मोजणीचं यंत्र) पेटीत पॅक आहे की पोरांच्या हातात, काँक्रीटची ताकद तपासणारं क्यूब टेस्टिंगचं मशीन चालू आहे का, तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा की शेवटचं ऑटो लेव्हल (लेव्हल मोजायची दुर्बीण) कधी लावलं होतं. आमच्या मामाने विचारलं, एका ठिकाणी पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मामा तिथूनच परत फिरले. ऑप्शन फॉर्मला, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमात, वर सरकारी पॉलिटेक्निक टाकली, त्यातही घरून एसटीने जाऊन येऊन करता येईल ते पहिलं. दुसऱ्या राउंडला लागला नंबर, आता पोरगं सकाळी सातच्या गाडीने जातं.