डेहराडून ते सांकरी: ट्रेकआधीचे दहा तास

उत्तराखंडातला केदारकंठ्याचा ट्रेक असो की हर की दूनचा, सुरुवात सांकरी गावातूनच होते. डेहराडूनहून सांकरी सुमारे २०० किलोमीटर, पण सगळा घाटरस्ता असल्यामुळे बसला ९ ते १० तास लागतात. रजा वाचवायची म्हणून मुंबई-पुण्याचे बरेच ग्रुप दिल्लीहून रात्रभर बसने येतात आणि उतरल्या उतरल्या सांकरीची गाडी धरतात. जमतं, नाही असं नाही. पण केदारकंठ्याला दुसऱ्याच दिवशी सांकरीच्या १,९५० मीटरवरून जुडा का तालाबच्या सुमारे २,७५० मीटरपर्यंत चढायचं असतं, आणि जागरणाची वसुली तिथे होते. एक दिवस हाताशी असेल तर डेहराडूनला मुक्काम करा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती स्टँडची. दिल्लीच्या कश्मीरी गेटहून आलेली बस डेहराडूनच्या आयएसबीटीवर (आंतरराज्य बसस्थानकावर) सोडते. सांकरीची गाडी मात्र रेल्वे स्टेशनजवळच्या मसुरी स्टँडच्या भागातून सुटते. मधलं अंतर पाच-सहा किलोमीटर. पहाटे रिक्षा ठरवून तिथे पोहोचण्याचा वेळ हिशोबात धरा. थेट गाड्या मोजक्या, त्याही सकाळी लवकरच निघतात. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन विचारणं बरं. थेट गाडी चुकलीच तर वाटेतल्या पुरोल्याची धरा आणि तिथून मोरी-सांकरीकडे जाणारी शेअर जीप बघा. दुपारनंतर जीपही विरळ होतात, तेव्हा डेहराडूनमध्ये चहात वेळ घालवू नका.

जागा धरताना पुढच्या तीन-चार रांगांतली, खिडकीची घ्या. मागच्या चाकावरची सीट प्रत्येक खड्ड्याला उडवते, आणि वळणावर गाडीचा मागचा भागच जास्त फेकला जातो. दुसरं कारण जरा किळसवाणं आहे: पुढच्या खिडकीतून कोणी उलटी केली की वाऱ्याने ती मागच्या उघड्या खिडकीत येते. मसुरीच्या चढावर हे हमखास घडतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरायची सवय असेल तर इथेही कामाला येईल.

गाडी लागण्याचा खरा पट्टा पहिल्या दोन-तीन तासांचा. डेहराडून साधारण ६५० मीटरवर, मसुरी २,००० मीटरवर. तिथून केम्प्टीवरून पुन्हा थेट खाली यमुना पुलापर्यंत उतार. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी (अ‍ॅव्होमिन बहुतेकांच्या ओळखीची) निघण्याआधी एक-दोन तास घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. तिने झोप येते, आणि काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोट रिकामंही नको, तुडुंबही नको: दोन केळी किंवा बिस्किटं पुरे, पराठे वाटेतल्या नैनबाग-नौगावच्या पुढे. मोबाइल खिशात, नजर समोरच्या रस्त्यावर. आलेपाक, आवळा सुपारी जवळ असू द्या.

लघवीला थांबावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणं ही मात्र महागातली चूक. संध्याकाळी डोकं दुखतं आणि लोक ‘हाय अल्टिट्यूड’ म्हणून घाबरतात. सांकरीच्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. डोकेदुखी बहुतेक वेळा तहानेची आणि उलट्यांची असते. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट मिसळून घोट घोट प्या. गाडी जिथे जिथे थांबेल तिथे उतरून मोकळे व्हा.

पन्नास-साठ लिटरची सॅक सीटखाली मावत नाही, ती टपावर जाते. कमरेचा पट्टा उलटा फिरवून सॅकभोवती आवळा, लोंबणारे पट्टे आत खोचा, बाजूच्या खिशातली बाटली काढून घ्या. वरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं. त्यापेक्षा आतले कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि अख्खी सॅक खताच्या रिकाम्या गोणीत घालून सुतळीने तोंड बांधा. गोणीमुळे डिझेल-ग्रीसचे डागही वाचतात. दोरी बांधली गेली का, हे स्वतः बघा.

ट्रेकचे बूट पायातच ठेवा, नाड्या सैल करून. बसून बसून पाय सुजतात, पण सॅक हरवली तर जॅकेट सांकरीत भाड्याने मिळेल, रुळलेले बूट नाही. लहान बॅगेत औषधं, पाणी, जॅकेट, हेडटॉर्च, ओळखपत्राच्या झेरॉक्स, फोटो आणि फिटनेस प्रमाणपत्र असावं. रोकड डेहराडूनलाच काढा, राहिली तर पुरोल्यात. सांकरीत एटीएमच्या भरवशावर जाऊ नका.

पुरोल्यानंतर चिडाचं (पाइनचं) जंगल लागतं, मोरीला टोन्स नदी भेटते. नेटवाडला रूपिन आणि सुपिन मिळून हीच टोन्स होते. तिथून सांकरी जवळ.

उतरल्यावर लगेच रजईत शिरू नका. अर्धा तास गावात फिरा, पोटऱ्या मोकळ्या करा, गरम जेवा, नऊला झोपा.

परतीची गाडीही सकाळी लवकर सुटते आणि डेहराडूनला पोहोचायला दुपार उलटून जाते. पावसाळ्यात दरड, जानेवारीत बर्फ, म्हणून त्याच रात्रीच्या रेल्वेचं तिकीट काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा.