पाऊस ओसरताना रंगपिकांची काढणी: आधी नीळ, मग झेंडू

पावसाळा सरत आला की रंगासाठी लावलेल्या पिकांची कामे एकदम अंगावर येतात. त्यात पहिला मान निळीचा. फुलकळी दिसू लागली की कापणीला लागा. शेंगा धरेपर्यंत थांबलात तर पानातला रंग घटतो. वीतभर खोड राखून कापा, म्हणजे फुटवा येऊन दुसरी कापणी मिळते.

कापलेला पाला ढीग घालून ठेवू नका, आत तापून रंग वाया जातो. त्याच दिवशी टाकीत पाण्याखाली बुडवा आणि वर दगड ठेवा. उबदार हवेत 10 ते 16 तासांत पाणी पिवळट हिरवे होते. घड्याळापेक्षा पाण्याकडे लक्ष ठेवा. सडका वास सुटला तर उशीर झाला समजा. मग पाला काढा, चुन्याची थोडी निवळी घाला आणि पाणी जोरात घुसळा. फेस निळा होऊन बसू लागला की थांबा. रात्रभरात निळीचा गाळ तळाशी बसतो, तोच रंग. पाल्याचा उरलेला चोथा शेतातच घाला. नीळ शेंगवर्गीय आहे, खत म्हणून तो चांगलाच.

झेंडूची घाई नको. पूर्ण उमललेली फुले दव वाळल्यावर तोडा आणि सावलीत पातळ पसरा. पाकळी चुरचुरीत होईपर्यंत पोत्यात भरू नका, बुरशी लागली की रंग मळकट येतो. मुळांतून लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेला मात्र हात लावू नका. मुळे तिसऱ्या वर्षी काढलेली बरी. तिचा रंग उकळत्या पाण्यात तपकिरीकडे झुकतो, म्हणून साधारण 70 अंशांखालीच काढावा.

झेंडू, मंजिष्ठेचा रंग पक्का बसावा म्हणून सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावे लागते, मग तुरटीच्या. 1 किलो कोरड्या कापडाला 150 ते 200 ग्रॅम तुरटी पुरते. लोकर, रेशमाला हिरडा लागत नाही.

गेरूचे वेगळे. तो पाण्यात विरघळत नाही, नुसता धाग्यावर बसतो. पाण्यात ढवळून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. त्यात खाली बसणारा गाळ बारीक असतो, तोच घ्या. चिकटण्यासाठी सोयाबीनचे दूध वापरा.

विकण्याआधी प्रत्येक रंगाची पट्टी अर्धी झाकून दोन आठवडे उन्हात ठेवा. हळद तिथे पहिली नापास होते.