ब्रुकिंग्जला निघण्याआधी जरा नकाशा उघडा

अमेरिकेत ब्रुकिंग्ज गावी असलेल्या साउथ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीची असिस्टंटशिप (काम करत शिकायची, स्टायपेंडवाली जागा) मिळाली की पोरांचे प्रश्न ठरलेले असतात: थंडी किती, खर्च किती आणि आपली माणसं किती. मी राहुरीहून ॲग्री करून इथे मास्टर्सला आलो आणि पीएचडीलाही इथेच राहिलो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. उत्तरं देतो, पण त्याआधी नकाशा उघडायला सांगतो. युनिव्हर्सिटीचं रँकिंग आपण पाठ करतो आणि जिथे दोन ते पाच वर्षं काढायची ती जागा कशी आहे, ते विमानातून उतरल्यावर कळतं.

साउथ डकोटा राज्याच्या पूर्व टोकाला, शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या हद्दीपासून वीसेक मैलांवर ब्रुकिंग्ज आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ५०० मीटर, म्हणजे जवळपास आपल्या राहुरीइतकीच. गावाच्या पूर्वेकडून आय-२९ हा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो. त्या रस्त्याने दक्षिणेला तासाभरात सू फॉल्स येतं. विमानतळ, भारतीय किराणा, मोठी हॉस्पिटलं, सगळं तिथे. प्रवासी रेल्वे अख्ख्या राज्यात नाही. गंमत म्हणजे हे गाव वसलं ते रेल्वेमुळेच. १८७९ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा मार्ग इथून ठरला आणि आसपासच्या मेडरी, फाउंटन अशा वस्त्यांतली माणसं रुळाजवळ येऊन राहिली. मेडरी गाव संपलं. कॅम्पसला लागून असलेल्या अव्हेन्यूला तेवढं त्याचं नाव आहे.

जमीन सपाट दिसते, पण नीट बघितलं तर ती हलके हलके वर-खाली होते. हा सगळा भाग 'कोतो दे प्रेअरी' नावाच्या पठाराचा. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या दोन जिभा या पठाराच्या दोन्ही अंगांनी सरकत गेल्या आणि वितळताना मागे गाळ, गोटे आणि असंख्य खळगे सोडून गेल्या. आजची तळी आणि पाणथळी म्हणजे तेच खळगे. माती काळी आहे, आणि आपल्याकडून आलेला प्रत्येक ॲग्रीवाला ती बघून खूश होतो. पण ही आपली रेगूर नव्हे. आपली काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली, फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. इथली काळी आहे ती हजारो वर्षं उंच गवताची मुळं कुजून साठलेल्या ह्यूमसमुळे. त्या मूळ गवताळ रानाचे आता तुकडेच उरलेत. बाकी सगळीकडे मका आणि सोयाबीन.

रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे. जुन्या सरकारी मोजणीत जमीन एक मैल बाय एक मैल चौकोनांत कापली गेली, प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. शेतातल्या रस्त्यांनाही नंबर आहेत, साधारण मैलाला एक. ही पद्धत पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. फील्डवर जाताना मोबाइलची रेंज गेली तरी वाट चुकत नाही.

आता थंडी. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे १५-१६ सेल्सियसच्या आसपास असतं, आणि दरवर्षी काही रात्री उणे २५-३० पर्यंत खाली जातात. पण माझं मत विचाराल तर हा आकडा बघूच नका. वारा बघा. मध्ये डोंगर नाहीत, झाडं मोजकी, आणि कॅनडाकडून येणारा वायव्येचा वारा अडायला कुणी नाही. उणे १८ ला वारा पडलेला असेल तर नीट कपडे घालून आरामात चालत वर्गाला जाता येतं. त्याच उणे १८ ला ताशी १५ मैलांचा वारा सुटला की अंगाला ते उणे २८ वाटतं, आणि उघडी राहिलेली त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. इथले लोक सकाळी 'विंड चिल' बघतात ते यासाठी. हे गाव ज्यांच्या नावाने आहे त्या विल्मट ब्रुकिंग्ज यांचे दोन्ही पाय १८५८ च्या हिवाळ्यात गोठल्यामुळे कापावे लागले होते. त्यानंतरही ते या भागाच्या राजकारणात वर्षानुवर्षं होते.

म्हणून घर शोधताना भाड्याइतकंच अंतर बघा. कॅम्पसपासून चालत दहा मिनिटांत असलेली जुनी, जरा कळकट खोली मी मैलभर लांबच्या चकाचक अपार्टमेंटपेक्षा केव्हाही पसंत करेन. गावात 'बाटा' नावाची बससेवा आहे (चपलांचा संबंध नाही), पण ती आधी फोन करून बोलवावी लागते. आपल्या पुण्यातल्या पीएमपीसारखी स्टॉपवर उभं राहून मिळत नाही. जाड जॅकेट आणि बूट भारतातून आणू नका, इथल्या दुकानांत या हवेला साजेसे मिळतात. कॉटनची थर्मल्स मात्र घरीच ठेवा. घामाने ओली झाली की तीच गारठवतात.

जुनी गाडी घेणार असाल तर इंजिनला ब्लॉक हीटर आहे का ते विचारा. बंपरखालून लोंबणारी प्लगची वायर दिसली तर ती याचीच; रात्री विजेला जोडून ठेवायची. डिकीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च आणि थोडं खायचं असू द्या. हिमवादळात आय-२९ चक्क फाटकं लावून बंद करतात, त्यामुळे सू फॉल्सहून विमान असेल तर आदल्या दिवशीच तिथे जाऊन राहा. निघण्याआधी राज्याच्या ५११ सेवेवर रस्ते बघायची सवय लावा. 'नो ट्रॅव्हल ॲडव्हाइज्ड' दिसलं की विषय संपला, मग मित्र काहीही म्हणोत.

उन्हाळा सुरेख असतो. जुलैत दुपारी २८ अंश, जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊला मावळतो. डिसेंबरात मात्र पाचच्या आधीच अंधार, आणि तो काही जणांना थंडीपेक्षा जास्त खातो. वादळांचा मोसम मे-जूनपासून. १२ मे २०२२ ला आलेल्या डेरेचो (लांबच लांब पट्ट्यात सरळ सुटणाऱ्या प्रचंड वाऱ्याच्या) वादळाने काळ्या धुळीची भिंतच उभी केली होती. भोंगा वाजला की फोटो काढायला बाहेर जायचं नाही, तळघरात जायचं.

माणसांचं गणित असं: क्षेत्रफळात साउथ डकोटा महाराष्ट्राच्या सुमारे दोन तृतीयांश, पण २०२० च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या ८,८६,६६७. ब्रुकिंग्जची २३,३७७, आणि त्यात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा. मे महिन्यात परीक्षा संपल्या की गाव रिकामं होतं. वस्ती मुख्यतः नॉर्वेजियन आणि जर्मन वंशाच्या गोऱ्यांची. त्यांच्या आधीपासून ही भूमी डकोटा लोकांची, आणि जवळच फ्लँड्रो इथे त्यांचं आरक्षित क्षेत्र आहे. भारतीय विद्यार्थी पुरेसे आहेत, मराठी बोटावर मोजण्याइतके. गणपतीला ढोलताशा हवा असेल तर हे गाव तुमचं नाही. पण इथे बँकेतली बाई दुसऱ्या खेपेला नावाने हाक मारते, आणि बर्फात अडकलेली गाडी ढकलायला न बोलावता लोक थांबतात. राज्याचा आयकर नाही, त्यामुळे स्टायपेंड जरा लांब पुरतो. इंजिनिअरिंगवाल्यांनी डॅक्ट्रॉनिक्सची इंटर्नशिप जरूर बघावी. स्टेडियममधले मोठाले स्कोअरबोर्ड बनवणारी ही कंपनी १९६८ मध्ये इथल्याच दोन प्राध्यापकांनी सुरू केली आणि तिचं मुख्यालय अजून गावातच आहे.

ॲग्रीवाल्यांसाठी शेवटची आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इथे वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बर्फाचं पाणी धरून. म्हणजे साधारण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याएवढाच. पण त्यातला बराचसा नेमका पिकाच्या दिवसांत पडतो आणि बाष्पीभवन कमी, म्हणून मका बिनपाण्याचा येतो. अडचण वेळेची आहे. मेच्या मध्यापर्यंत दहिवर (गोठलेलं दव) पडू शकतं आणि सप्टेंबरअखेर पुन्हा सुरू होतं. मधले साडेचार महिने हाच तुमचा हंगाम. खरीप हुकला तर रब्बी, ही सोय नाही. शेतावरच्या प्रयोगाला बहुधा दोन हंगामांचा डेटा लागतो. ऑगस्टमध्ये रुजू झालात तर पहिली पेरणी पुढच्या वर्षी, आणि दुसऱ्या हंगामाचा डेटा हाती येईपर्यंत मास्टर्सची दोन वर्षं उलटून गेलेली असतात. जानेवारीत आलात तर दोन्ही हंगाम मुदतीत बसतात. ऑफरला हो म्हणण्याआधी प्राध्यापकांना सरळ ईमेल करा: माझी पहिली ट्रायल (शेतातला प्रयोग) कोणत्या महिन्यात लागणार, आणि दुसऱ्या हंगामाचा डेटा लांबला तर स्टायपेंड तोवर चालू राहील का.