स्पीकर घेण्याआधी किमान ओहम विचारा: महागड्या जोडीची तयारी

गेल्या खेपेस मी स्पीकर निवडण्यात आठ महिने घालवले आणि अॅम्प्लिफायर निवडण्यात एक दुपार. त्याचे फळ मे महिन्यात मिळाले. बाहेर पारा चाळिशीच्या वर, बैठकीत चार पाहुणे, तराणा रंगात आलेला, आणि 'टक्' असा आवाज होऊन अॅम्प्लिफायर गप्प झाला. दहा मिनिटांनी तो सुरू झाला आणि पुन्हा गप्प झाला. मी विजेला दोष दिला, स्टॅबिलायझर आणला, तरी तेच. शेवटी दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा कळले की अॅम्प्लिफायर ६ ते १६ ओहमच्या स्पीकरांसाठी बनवलेला होता, आणि स्पीकरच्या माहितीपत्रकात '८ ओहम'च्या खाली बारीक अक्षरांत 'किमान ३ ओहम' असे छापलेले होते. ओहम हे स्पीकर विजेच्या प्रवाहाला करतो त्या विरोधाचे माप; ते जितके कमी, तितका अॅम्प्लिफायरवरचा भार जास्त.

म्हणून पैसे, पसंती, रंग यांच्याही आधी एका कागदावर दोन ओळी आखून घ्याव्यात: स्पीकरचा किमान इम्पीडन्स, म्हणजे हा विरोध, किती, आणि अॅम्प्लिफायर किती ओहमपर्यंतचा भार पेलतो. या दोन ओळी भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता खोली. आपल्याकडे शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब आणि कोऱ्या भिंती असतात, त्यामुळे टाळी वाजवली तरी खोली उत्तर देते. जाड गालिचा, भरलेले पुस्तकांचे कपाट आणि जड पडदे यांनी बराच फरक पडतो. भिंतीला सोलापुरी चादर टांगा, असे कोणीतरी सुचवीलच. पातळ सुती कापड फार तर वरचे, टोकदार स्वर थोडे मवाळ करते आणि खर्जाला हातही लावत नाही, तेव्हा चादर अंगावर घ्यावी हे उत्तम. खोली १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच असेल, तर तिन्ही दिशांचा अनुनाद ५६ हर्ट्झच्या आसपास एकावर एक चढतो आणि तेवढाच खर्ज घुमतो. अशा खोलीत भलेमोठे उभे स्पीकर आणण्याचा हट्ट धरू नये. मागच्या बाजूस हवेचे छिद्र असलेला स्पीकर भिंतीपासून दोनेक फूट पुढे ठेवता येणार नसेल, तर तो घेऊ नये.

पुन्हा ओहमकडे येतो, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. स्पीकरवर छापलेला '८ ओहम' हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षात इम्पीडन्स प्रत्येक स्वरापाशी बदलतो, कुठे वीसच्या वर चढतो तर कुठे तीनवर उतरतो. आयईसी ६०२६८-५ या स्पीकरविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान इम्पीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली उतरू नये. पण नामांकित उत्पादकही ही मर्यादा सर्रास ओलांडतात. बोवर्स अँड विल्किन्सचा ८०३ डी४ हा ८ ओहमचा म्हणवतो आणि किमान ३ ओहम असल्याचे सांगतो. केईएफचा छोटा एलएस५० मेटा ८ ओहमचा, किमान ३.५. माझी जोडी या दोघांपैकी नव्हती, आणि हे आकडे उघड सांगणाऱ्या कंपन्यांविषयी माझी तक्रारही नाही; तक्रार ते न वाचणाऱ्या माझ्याविषयी आहे. हिशेब सोपा आहे: ८ ओहमवर १०० वॉट म्हणजे २८.३ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर. तेवढेच व्होल्ट ३ ओहमवर दिले, तर ९.४ अँपिअर द्यावे लागतात. तो प्रवाह पुरवण्याइतका ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकण्याइतके हीटसिंक नसेल, तर अॅम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, आणि ३८ अंशांच्या खोलीत तो फार लवकर बंद पडतो. ८ ओहमवर १०० आणि ४ ओहमवर २०० वॉटच्या जवळपास, असे दोन्ही आकडे लिहिणारा अॅम्प्लिफायर पाहावा. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर संशय घ्यावा. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या काचेच्या नळ्यांचा, अॅम्प्लिफायर असेल, तर त्याला ४ ओहमचे वेगळे टर्मिनल आहे का ते पाहावे.

वॉट किती लागतील हे सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो यावर, ठरते. दर १० डेसिबलला दहापट वॉट लागतात, म्हणजे ८५ डेसिबलच्या स्पीकरला जेथे १०० वॉट हवेत तेथे ९५ डेसिबलच्या स्पीकरला १० पुरतात. येथेही ओहमची मेख आहे: हा आकडा बहुधा २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो, जे ८ ओहमवर १ वॉट आणि ४ ओहमवर २ वॉट होतात, म्हणून ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ वजा करूनच तुलना करावी. कमी वॉटचा अॅम्प्लिफायर सुरक्षित असतो, हा समज सोडून द्यावा. ताणलेला, स्वर छाटणारा छोटा अॅम्प्लिफायर ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, जाळतो.

ऐकायला पुण्याला जावे लागेल. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परतता येते. स्वतःच्या ओळखीचे ध्वनिमुद्रण न्यावे, त्यात तंबोऱ्याची जवारी आणि डग्ग्याची घुमक असावी. दोन जोड्या एकाच पातळीच्या आवाजावर ऐकाव्यात, कारण एखाद्या डेसिबलने मोठी असलेली जोडी नेहमी 'चांगली' वाटते. आणि दुकानात स्पीकरला कोणता अॅम्प्लिफायर जोडला आहे ते लिहून घ्यावे. मी ऐकलेली जोडी एसीच्या थंड खोलीत, दोन माणसांनी उचलावा अशा अॅम्प्लिफायरवर वाजत होती, आणि मी घरी आणला तो माझ्या काखेत मावत होता. "साहेब, कुठल्याही अॅम्पवर वाजतो," असे विक्रेता म्हणाला. वाजतो हे खरेच. किती वेळ वाजतो, हे त्याला विचारायला हवे होते. किमान ओहम किती, हेही विचारायला हवे होते. तुम्ही विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, माहितीपत्रकात बोट ठेवून दाखवायला सांगा.

पुढचे थोडक्यात. केबलवर उधळपट्टी नको. पाच मीटर अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन सुमारे ०.०७ ओहम भरते आणि ३ ओहमच्या स्पीकरलाही पुरते. अर्थिंग तपासून घ्यावे. परदेशातून आलेला जुना अॅम्प्लिफायर असेल, तर तो २३० व्होल्टचा आहे का ते पाहावे. वॉरंटी भारतातील वितरकाची असावी. अॅम्प्लिफायर टीव्हीच्या बंद कपाटात कोंडू नये. धूळ रोज पुसावी.

जोडी घरी आली की खोकी महिनाभर टाकू नयेत. भर दुपारी पंखा बंद करून सलग दोन तास, नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात वाजवून पाहावे. 'टक्' ऐकू आले, तर आधी किमान ओहमचा कागद काढावा, स्टॅबिलायझर नव्हे.