पोलिंग एजंट म्हणून बसणार असाल तर: पिशवी, पहाट आणि सतरा-सी

विधानसभेला कुणाचा तरी पोलिंग एजंट, म्हणजे मतदान केंद्रात उमेदवाराच्या वतीनं बसणारा माणूस, म्हणून बसायला हो म्हणालात ना? मोठ्या पक्षाकडून बसणार असाल तर शाखेतून कुणीतरी सगळं तयार करून देईल. अपक्षाचं किंवा लहान पक्षाचं काम असेल तर पिशवी तुमची तुम्हालाच भरायची आहे. मतदार ओळखपत्र, दोन पेनं, पाण्याची बाटली, डबा, गोळ्या चालू असतील तर गोळ्या. यावर आणखी काही सांगत बसत नाही. फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून घ्या. हल्ली स्वतःच्या नवऱ्याचा नंबरही पाठ नसतो.

आता मुद्द्याचं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष, म्हणजे केंद्राचा प्रमुख अधिकारी, त्या केंद्राचा हिशेब एका नमुन्यात लिहितो, तो नमुना १७-सी. किती मतदार, किती मतं नोंदली गेली, कुठल्या यंत्रावर, सील कुठलं, हे सगळं त्यात असतं. त्याची सही केलेली प्रत तिथे हजर असलेल्या प्रत्येक एजंटला द्यायचीच, असा नियम आहे. मागच्या वेळी मी दिवसभर जागची हलले नाही, प्रत्येक नावावर खूण केली, आणि शेवटचा मतदार गेल्यावर तो कागद न घेताच घरी आले. मोजणीला आमच्या माणसाच्या हातात त्या केंद्राचं काहीच नव्हतं. म्हणून ही सगळी यादी. बाकीचं विसरलात तरी निभेल, सतरा-सी विसरू नका.

आधीच्या आठवड्यात नमुना १० हातात आहे का बघा. तुमचं नेमणूकपत्र ते. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही हवी. केंद्राध्यक्षाकडे सहीचा नमुना आलेला असतो आणि तो ताडून बघतो, त्यामुळे 'साहेब बाहेरगावी होते म्हणून मीच केली' हे चालणार नाही. तुमची स्वतःची सही मात्र घरी करून नेऊ नका, ती केंद्राध्यक्षासमोर करायची असते. एजंट शक्यतो मतदार यादीच्या त्याच भागातला मतदार हवा, तसा कुणी मिळालाच नाही तर त्याच मतदारसंघातला चालतो. मुंबईत ३६ मतदारसंघ आहेत, १० शहरात आणि २६ उपनगरात, आणि हद्दी अशा की रस्त्याच्या पलीकडची बिल्डिंग दुसऱ्याच आमदाराची निघते. अंधेरीत राहता म्हणजे नेमके अंधेरी पूर्वमध्ये की पश्चिममध्ये की वर्सोव्यात, हे कार्डावर नाही, चालू यादीत बघा.

बदली एजंट दोन नेमता येतात, आत मात्र एका वेळी एकच. दोन्ही नेमाच. कुणी 'मी एकटा पुरेन' म्हणाला तर ऐकू नका. दुपारी चारला त्याचं डोकं दुखायला लागतं आणि सहाला तो निघून जातो. सहाला जो निघून जातो त्याला सतरा-सी मिळत नाही, कारण मतदान संपताना हजर असेल त्यालाच ती द्यायची असते.

केंद्र कुठे आहे ते आदल्या दिवशी पायी जाऊन बघा. २०२४ ला लोकसभेचं मतदान मे महिन्यात आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला झालं, आणि मधल्या काळात मुंबईतल्या बऱ्याच केंद्रांची फेररचना झाली. काही सोसायट्यांच्या आवारातच केंद्रं आली. म्हणजे गेटवर वॉचमन आणि पहाटे पाचला त्याच्याशी वाद. एका शाळेत आठ-दहा केंद्रं असतात, तेव्हा खोली क्रमांकही बघून ठेवा. संडास कुठे आहे तेही बघा, विशेषतः बायकांनी.

त्याच संध्याकाळी उमेदवाराच्या ऑफिसातून दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, तुमच्या केंद्राला कुठलं कंट्रोल युनिट (मतं साठवणारं, अधिकाऱ्याकडचं), कुठलं बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि कुठलं व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारं) दिलंय त्याचे क्रमांक. ही यादी उमेदवारांना दिलेली असते, ती ऑफिसात कुठल्या तरी फायलीखाली पडलेली असते, हटून बसा. दुसरी, एएसडी यादी, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची. आपल्याकडे ही यादी फार महत्त्वाची. पुनर्विकासाला गेलेल्या चाळी आठवा. इमारत पाडून झाली, माणसं संक्रमण शिबिरात नाहीतर भाड्यानं विरार-बदलापूरला, आणि नावं मात्र जुन्याच पत्त्यावर. त्यातले पुष्कळ जण खरोखर तिथून येऊन मत देतात, त्यांना अडवायचं नाही. पण ज्याचं नाव एएसडी यादीत आहे तो आला तर ओळखपत्र नीट पाहिलं जातंय ना, एवढं लक्ष तुमचं. खात्रीच असेल की माणूस तो नाही, तर आक्षेप घ्या. आक्षेपासाठी २ रुपये रोख भरावे लागतात, सुटे ठेवा. उगाच संशयावर घेऊ नका. बाहेरून रांगेतले लोक ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात.

पिशवीत आणखी: कोऱ्या सतरा-सीच्या झेरॉक्स, पाच-सहा तरी, आणि कार्बन पेपर. हसू नका. संध्याकाळी केंद्राध्यक्षाला ढीगभर लिफाफे, घोषणापत्रं, डायरी, सगळं हातानं भरायचं असतं. 'प्रती संपल्या हो' हे वाक्य तिथे ऐकू येतं, आणि त्या वेळी झेरॉक्सवाला उघडा नसतो. कोरा नमुना पुढे केलात की ते वाक्य संपतं. भरायचा मात्र त्यांनीच, तुम्ही नाही.

पहाट. मतदान सातला, मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान, त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला. एजंट आले नाहीत तर पंधरा मिनिटं थांबून सुरू करतात, तुमच्यासाठी सूर्य थांबत नाही. सव्वापाचला दारात उभे राहा, चहा घरूनच पिऊन या. निदान ५० मतं टाकून बघतात, नोटासकट प्रत्येक बटण दाबलं जातं. कुणी कुठे टाकलं ते तुमच्या कागदावर लिहा आणि निकालाशी ताडा. मग सर्वांत महत्त्वाचं, कंट्रोल युनिटची तीन बटणं ओळीनं: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. क्लिअर केल्यावर आकडा शून्य झालेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि व्हीव्हीपॅटच्या डब्यातून मॉक पोलच्या चिठ्ठ्या काढल्या का ते बघा. हे राहिलं तर खऱ्या मतांत खोटी मिसळतात, संध्याकाळी सतरा-सीतला हिशेब जुळत नाही, आणि मोजणीच्या दिवशी ते यंत्र बाजूला ठेवलं जातं. त्या केंद्रावर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसांचं मत अधांतरी.

मग सील. हिरव्या पेपर सीलवर क्रमांक छापलेला असतो, तो लिहून घ्या, तिथे सहीही करता येते, करा. कंट्रोल युनिटचा क्रमांक आदल्या दिवशीच्या यादीशी ताडा. हे दोन क्रमांक संध्याकाळी सतरा-सीत पुन्हा भेटतात, आणि मोजणीच्या टेबलावर तिसऱ्यांदा. तिन्ही ठिकाणी एकच असायला हवेत. एजंटच्या कामाचा कणा एवढाच आहे.

दिवसभराचं फार सांगण्यासारखं नाही. यादीत खुणा करायच्या, दर दोन तासांनी किती झालं ते वेळेसकट लिहायचं. शेजारच्या पक्षाच्या एजंटशी भांडू नका, दुपारी त्याचाच डबा वाटून खायचा असतो. यादी घेऊन बाहेर जाता येत नाही, बदली माणसाकडे किंवा केंद्राध्यक्षाकडे देऊन जा. यंत्र मध्येच बंद पडलं तर वेळ लिहा, नव्या यंत्राचा क्रमांक लिहा, आणि नव्या संचाचाही छोटा मॉक पोल होतो तो बघा. कंट्रोल युनिट बदललं असेल तर संध्याकाळच्या हिशेबात दोन यंत्रं येणार, ती दोन्ही आली का हे बघायला लागेल. कुणी येऊन 'माझं मत आधीच कुणीतरी टाकलं' म्हणालं तर त्याला घरी पाठवू देऊ नका. ओळख पटली की प्रदत्त मत कागदी मतपत्रिकेवर देता येतं, आणि त्याची संख्याही सतरा-सीत जाते.

ही संख्या क्षुल्लक वाटत असेल तर २०२४ च्या लोकसभेचा उत्तर-पश्चिम मुंबईचा निकाल आठवा, रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे. प्रदत्त मतांचा मुद्दा घेऊन प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, याचिका त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळली गेली. विधानसभेलाही माहीममध्ये फरक १,३१६, जोगेश्वरी पूर्वला १,५४१, वर्सोव्यात १,६००. दोन-तीन केंद्रं म्हणजे एवढीच मतं.

दुपारी जेवण झाल्यावर, केंद्राध्यक्ष जरा निवांत दिसला की गोड आवाजात विचारून ठेवा: 'सर, सतरा-सीच्या प्रती किती लागतील? आम्ही इतके जण आहोत.' आत्ताच विचारायचं. सहानंतर त्या माणसाला नाव विचारलंत तरी चिडेल. तोही आदल्या दिवसापासून घराबाहेर आहे, शाळेच्या बाकावर झोपलाय, आणि साहित्य जमा करायला न्यायची बस खाली हॉर्न देत असते. तेव्हा प्रेमानं, पण विचाराच.

सहा वाजले. रांगेत असतील त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात, किती वाटल्या ते लिहा. २०२४ च्या विधानसभेला राज्यात मतदान पाचला ५८.२२ टक्के आणि अखेरीस ६६.०५ टक्के, यावर महिनोन्‌महिने टीव्हीवर गळे काढले गेले. दोन्ही बाजूंनी. एका केंद्रापुरतं तरी त्याचं उत्तर कुठे असतं? तुमच्या घड्याळाच्या नोंदीत आणि सतरा-सीत. ज्यांनी ती घेतली नाही त्यांनी आकड्यांवर भाषणं करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यात मी स्वतःलाही धरते.

शेवटचं मत पडलं, क्लोज बटण दाबलं, एकूण आकडा दिसला. लिहा. नोंदवहीतल्या मतदारांशी जुळतो का विचारा. सही करून मत न देता गेलेले कुणी असतील तर तेवढा फरक असतो, तोही नमुन्यात लिहिलेला हवा. मग यंत्राच्या पेटीला सील. आता बसून राहा. पिशवी आवरू नका, चपला घालू नका. प्रत दिल्याची पोच म्हणून तुमची सही घेतात. खूपदा ती सही आधी मागतात, 'करून टाका, कागद देतो मागाहून.' नाही. कागद हातात, वाचून झाला, केंद्राध्यक्षाची सही आहे, कंट्रोल युनिटचा क्रमांक आहे, सीलचे क्रमांक आहेत, एकूण मतं अंकांत आहेत, मगच सही. 'उद्या ऑफिसातून घ्या' असं कुणी म्हणालं तरी उठू नका. क्षेत्रीय अधिकारी फिरत असतो, त्याला सांगा. फोन हातात आला की आधी कागदाचा फोटो काढून उमेदवाराच्या ऑफिसात पाठवा, मग घरी 'निघाले' म्हणून कळवा.

महापालिकेला बसलेला अनुभव इथे आणू नका, तिथे आयोग वेगळा, व्हीव्हीपॅट नाही, कागद वेगळे.

मोजणीचं थोडक्यात. मोजणी प्रतिनिधीचा नमुना १८ फोटोसकट, मोजणीच्या तीन दिवस आधी द्यावा लागतो. २०२४ ला मोजणी २३ नोव्हेंबरला होती, म्हणजे ती मुदत मतदानाच्याच दिवशी येत होती, तेव्हा आधीच देऊन मोकळे व्हा. सतरा-सी केंद्र क्रमांकानं लावून फाइलमध्ये. टेबलावर यंत्र आलं की क्रमांक, सील, एकूण मतं. जुळत नसेल तर बटण दाबायच्या आधी बोला, लेखी द्या. दिवसभर वापरूनही यंत्राची बॅटरी ९९ टक्के कशी, वगैरे वाद घालायचा असेल तरी यंत्राचा क्रमांक लागतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानंतर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रं तपासून मागता येतात, सात दिवसांत, पैसे भरून, आणि कुठली तपासायची ते त्यानंच सांगायचं असतं. निवडणूक याचिकेला ४५ दिवस. पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या शेवटी मोजतात, तोपर्यंत निम्मे लोक गुलाल उधळायला नाहीतर झोपायला गेलेले असतात. एकानं तरी थांबा.

आणि चहा-वडापावची, झेरॉक्सची बिलं उमेदवाराच्या हिशेबनिसाकडे द्या. निकालापासून ३० दिवसांत खर्च सादर करायचा असतो, विधानसभेला मर्यादा ४० लाख. अपक्षाचं तेवढं होत नाही, पण हिशेब त्यालाही द्यावाच लागतो.