निवडीनुसार कमी-जास्त होणारे आलेख: शायनीसाठी एक टीप

शायनी हे ‘आर’ या प्रोग्रामिंग भाषेत वेब ॲप बनवण्याचे पॅकेज आहे. मुंबईच्या पावसाची आकडेवारी दाखवणाऱ्या शायनी ॲपमध्ये वापरकर्ता जितकी पर्जन्यमापन केंद्रे निवडेल तितकेच आलेख दिसायला हवे असतील, तर ‘रेंडरयूआय’मध्ये (ॲप चालू असताना पडद्यावरचे घटक तयार करणारे फंक्शन) प्रत्येक केंद्रासाठी स्वतंत्र आयडीचे ‘प्लॉटआउटपुट’, म्हणजे आलेखाची चौकट, तयार करावे आणि त्याच आयडीला आलेख काढणारे ‘रेंडरप्लॉट’ जोडावे. ही जोडणी साध्या ‘फॉर’ लूपने केल्यास सगळ्या चौकटींत शेवटच्याच केंद्राचा आलेख उमटतो, कारण आलेख काढणारा कोड लूप संपल्यानंतर चालतो आणि तोवर व्हेरिएबलमध्ये शेवटचेच मूल्य उरलेले असते. लूपमधला कोड ‘लोकल’मध्ये (कोडला स्वतःची वेगळी व्हेरिएबल देणारे फंक्शन) ठेवून तिथे मूल्याची वेगळी प्रत घ्यावी, किंवा यादीतल्या प्रत्येक मूल्यासाठी फंक्शन वेगळे चालवणारे ‘एलॲप्लाय’ वापरावे. मला दुसरा मार्ग अधिक सुटसुटीत वाटतो.

य-अक्षाची कमाल मर्यादा मात्र निवडलेल्या सर्व केंद्रांच्या आकड्यांवरून एकदाच काढून प्रत्येक आलेखाला तीच द्यावी, असा माझा आग्रह आहे. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर; प्रत्येक आलेख आपापले प्रमाण ठरवू लागला, तर हे दोन्ही स्तंभ जवळपास सारख्याच उंचीचे दिसतील.