डोस वाढवण्याआधी सुईची जागा तपासा

इन्सुलिन वेळेवर, खाणंही बेताचं, तरी साखर आज 110 तर उद्या 260. अशा वेळी डोस वाढवून मागण्याआधी पोटावरून बोटं फिरवून बघा.

बोटांना थोडं तेल लावा आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना हलकेच दाबत चला. रबरासारखा घट्ट, किंचित फुगीर भाग हाताला लागला तर ती चरबीची गाठ. पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी टोचल्यामुळे ती होते. तिथे टोचलेलं फारसं दुखत नाही, म्हणून हात नेमका तिथेच वळतो! पण गाठीतून इन्सुलिन कधी रेंगाळत, कधी एकदम रक्तात जातं. ती जागा काही महिने पूर्ण सोडा. मात्र चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर झपकन उतरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला आणि सुरुवातीचे दिवस साखर जास्त वेळा तपासा.

पुढे गाठ होऊ नये म्हणून बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडून पोटाचे चार भाग करा. एक भाग आठवडाभर वापरायचा, आणि दर वेळी आधीच्या टोचणीपासून बोटभर सरकायचं. मांडीतून इन्सुलिन पोटापेक्षा सावकाश शोषलं जातं. त्यामुळे सकाळी पोट, रात्री मांडी असं ठरवलं तर रोज तसंच ठेवा.

इन्सुलिनचं पेन वापरताना चूक होते ती घाईत. गढूळ इन्सुलिन असेल तर पेन तळहातांत 10 वेळा घोळवा, मग 10 वेळा वरखाली कलता करा. सगळीकडे सारखं दुधाळ दिसायला हवं. नवी सुई लावा, 2 युनिट फिरवून सुई वर धरून दाबा. टोकाशी थेंब आला नाही तर पुन्हा. मग डोस लावा, 4 मिलिमीटरची सुई सरळ 90 अंशात टोचा, बटण शेवटपर्यंत दाबा आणि 10 आकडे मोजूनच सुई काढा. आधीच काढली तर औषध बाहेर ओघळतं. सुई पेनवर तशीच ठेवू नका, आत हवा शिरते. सिरिंज वापरत असाल तर बाटलीत मिलिलिटरमागे 40 युनिट आहेत की 100 ते बघा आणि सिरिंज त्याच मापाची घ्या. इथली अदलाबदल जिवावर बेतू शकते.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. वापरातलं बहुतेक इन्सुलिन बाहेर साधारण 28 दिवस टिकतं (नेमकी मुदत वेष्टनावर असते), म्हणून उघडल्याची तारीख पेनवर लिहा.

साखर तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ कापलेल्या बोटाचा थेंब खोटा मोठा आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यावर जादा युनिट घेणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

घाम, थरथर, छातीत धडधड, किंवा आकडा 70 च्या खाली, म्हणजे साखर फार उतरली: 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे सपाट तीन चमचे, पाण्यात घालून प्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर तेवढंच परत. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची गोळी चालू असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच जवळ बाळगा. आकडा वर आला आणि पुढचं जेवण लांब असेल तर थोडं काही खाऊन घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर झोपवा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.